पाडाला आलेला उजेड

माझ्या सासूबाईंच्या तोंडी ‘जावईबापू’ हा शब्द एकवचनी होता, आणि तो मी नव्हतो.

मी ‘धाकटे जावई’. कधी कधी ‘आपल्या रंजनाचे ते’. पण नुसतं ‘जावईबापू’ म्हटलं की घरातल्या मांजरालासुद्धा कळायचं, मधुकररावांबद्दल बोलणं चाललं आहे. नवा कूलर कोणत्या खिडकीला बसवायचा, पुतण्याला कॉमर्सला घालायचं की आयटीआयला, सगळ्याला उत्तर एकच: जावईबापू येऊ द्या, मग बघू. मी प्रतापनगरच्या त्या घराचा जावई झालो तेव्हा ही जागा आधीच भरलेली होती, आणि ती भरणारा माणूस ठणठणीत होता.

मधुकरराव माझे साडू. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात. माझी बायको रंजना धाकटी, तिची थोरली बहीण शोभाताई, तिचे हे यजमान. सासरची सगळी मंडळी त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीत ते सर्व्हेअर होते. माणूस दिसायला काही विशेष नव्हता, हे मी अगदी निःपक्षपातीपणे सांगतो. उंची बेताची, पोट बेताच्या बाहेर, आणि डोक्यावर कापडी गोल टोपी. ती टोपी ते पंगतीतसुद्धा काढत नसत. मी तशी टोपी घालून गेलो असतो तर सासूबाईंनी मला ऊन लागलं की काय म्हणून कांद्याचा रस दिला असता. भाऊजींना ती शोभते असं सर्वानुमते ठरलेलं होतं.

त्यांच्या गळ्यात कायम कॅमेरा असायचा आणि कॅमेऱ्यात स्लाइडची रंगीत फिल्म. स्लाइड म्हणजे काय, ते आता समजावून सांगावं लागतं. साध्या रोलची आधी निगेटिव्ह व्हायची, मग तिच्यावरून कागदावर फोटो. स्लाइडला मधलं काही नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म होती तीच धुऊन आली की चित्र. टपाल तिकिटाएवढं, पारदर्शक, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेलं. उजेडासमोर धरा नाहीतर प्रोजेक्टरमध्ये घालून भिंतीवर पाडा. ते एकच. उजेड जरा जास्त झाला की पांढरंफटक, जरा कमी झाला की काळंमिट्ट. साधा फोटो बिघडला तर प्रिंट काढणारा सांभाळून घ्यायचा. स्लाइडचं सांभाळून घेणारं कोणी नाही.

भाऊजी म्हणायचे, “साधा फोटो माय असते गा, समदं पोटात घेते. स्लाइड सासू असते.”

हे ते सासूबाईंच्या समोर म्हणायचे आणि सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. मी हेच वाक्य म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

रंगीतच फिल्म का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “दिवसभर खाणीत कायंकुट्ट पाहून पाहून डोये उपाशी राह्यते. घरी आलो की त्याईले जेवाले लागते.” मला हे उत्तर आवडलं, आणि आवडल्याचा रागही आला. आमच्या विम्याच्या ऑफिसात मी दिवसभर जे बघतो त्याच्यावरून असं एकही वाक्य मला आजवर सुचलेलं नाही.

उजेडाविषयी ते बोलायचे ते फळाविषयी बोलावं तसं. सकाळचा उजेड कच्चा. दुपारचा सडलेला, नागपूरच्या उन्हात दुपारी जो कॅमेरा काढतो तो माणूस त्यांच्या लेखी वाया गेलेला. चार वाजून गेले की उजेडाला रंग चढायचा. मग टोपी मागे सरकवून, हाताचा पंजा उन्हात उलटासुलटा करत ते म्हणायचे, “आता पाडाला आला.” तोवर कोणी कितीही घाई करो, बटण दाबायचे नाहीत. “थांब गा. उजेड काय आपला नोकर आहे, बोलावला की आला?” बारसं असो की वास्तुशांत, भाऊजींचा उजेड पाडाला येईपर्यंत घरचे सगळे नटूनथटून घामात उभे. आणि एका प्रसंगाचा एकच फोटो. दुसरा काढा ना, असं कोणी म्हटलं की विचारायचे, “काहून? पहिला कोणाले द्याचा आहे?”

माझ्या लग्नात मी असाच उभा राहिलो.

लग्न दुपारचं लागलं. अक्षता, आहेर, पंगती सगळं आटोपलं. वरात निघायची वेळ झाली. भाऊजींनी वरात अडवली. कार्यालयाच्या मागच्या पटांगणात मला आणि रंजनाला उभं केलं आणि स्वतः सूर्याकडे पाठ करून समोर बसले. उजेड अजून पाडाला आला नव्हता. माझे नवे जोडे चावत होते. माझ्याकडची मंडळी बसमध्ये बसून घाम पुसत होती. आमचे काका दोनदा येऊन विचारून गेले की मुलीकडच्यांची काही मागणी राहिली आहे का. रंजना मात्र शांत. तिला लहानपणापासून सवय. शेवटी ऊन तिच्या कुंकवाच्या रंगाच्या शालूवर उतरलं, भाऊजी म्हणाले, “आता,” आणि बटण दाबलं.

महिनाभरानं मुंबईहून फिल्म धुऊन आली. सासूबाईंच्या गच्चीवर चादर टांगली, प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरला, खट्ट झालं आणि चादरीवर रंजना उभी राहिली. काय सांगू. इतकी वर्षं मी तिच्यासोबत आहे, पण तशी ती मला कधी दिसली नाही. शालूचा काठ, नथीतला मोती, कपाळावरची घामाची एक रेघसुद्धा दागिन्यासारखी. सगळी गच्ची गप्प झाली. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, कारण तिच्या शेजारी मी होतो आणि माझे डोळे मिटलेले होते.

“नवरदेव झोपले,” शोभाताई म्हणाल्या.

“बाकी समदं बरोबर आलं,” भाऊजी म्हणाले.

त्या ‘बाकी समदं’वर मी पंचवीस वर्षं जळलो. ती स्लाइड दर उन्हाळ्यात, दर दिवाळीत दाखवली जायची. लोकांच्या मुलाबाळांनी मला आधी चादरीवर झोपलेलं पाहिलं आणि नंतर जागं. माझी मुलगी सायली चार वर्षांची असताना मला बघून म्हणाली होती, बाबा, तुम्ही लग्नात कंटाळला होता का? आणि खरी कळ वेगळीच होती. माझ्या बायकोचं सगळ्यात सुंदर रूप साडभाऊच्या डोळ्यांना दिसलं होतं, आणि त्या वेळी मी शेजारी डोळे मिटून उभा होतो. याचा पुरावा पुठ्ठ्याच्या चौकटीत घालून जपून ठेवलेला होता.

स्लाइडच्या खेळाचा त्यांचा एक थाट होता. फिल्मचे न वापरलेले रोल शोभाताईंच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे; त्यावरून दोघांचं रोजचं भांडण. पण खेळाच्या दिवशी शोभाताईच स्लाइडींचे डबे उचलून गच्चीवर आणणार. स्लाइड प्रोजेक्टरमध्ये उलटी घालावी लागते, म्हणजे चित्र सुलटं पडतं. भाऊजी ती न बघता, बोटांनी चाचपून घालायचे. मधे बोलायचे अगदी थोडं. “ही आपली आई.” खट्ट. “हा तलाव, लोक घरी गेल्यावर.” खट्ट. “हे काहीच नाही, नुसतं ऊन आहे.” आणि त्या नुसत्या उन्हाला लोक वा म्हणायचे.

एकदा मीही प्रयत्न केला. भाऊजींनी मोठ्या मनानं एक रोल दिला, जुना कॅमेरा दिला, आणि इतकंच सांगितलं की घाई करू नको. मी अंबाझरीला गेलो, रंजनाला बंधाऱ्यावर उभं केलं आणि भर बारा वाजता रोल संपवला. कारण चार वाजेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही आणि तिचाही मूड नव्हता. उन्हाळ्यात खेळाच्या शेवटी भाऊजींनी माझी स्लाइड लावली. खट्ट झालं. चादर पांढरी. सगळे वाट बघत राहिले. अंधारातून सासूबाईंचा आवाज आला, “चादर मोठी साफ धुतली वं शोभे.”

ती माझी स्लाइड होती, हे फक्त भाऊजींना आणि मला माहीत होतं. त्यांनी काही न बोलता पुढची लावली. हा त्यांचा चांगुलपणा मला त्या हसण्यापेक्षा जास्त लागला.

मग मी सीताबर्डीहून डिजिटल कॅमेरा आणला. सासूबाईंच्या एका पुतणीच्या साखरपुड्यात तीनशे फोटो काढले आणि सगळ्यांना पाठवले. बहुतेकांनी अंगठा दाखवला. भाऊजींनी मोजून एक फोटो काढला होता, आणि वर्षभर सगळे तोच पाहायला मागत होते.

पण काळ माझ्या बाजूनं होता, असं मला वाटलं. फिल्म मिळेनाशी झाली. एका दिवाळीत खेळ ऐन रंगात असताना प्रोजेक्टरचा दिवा गेला आणि तसला दिवा कुठेच मिळेना. डबे सावनेरच्या कपाटात गेले. अशात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं आणि त्या म्हणाल्या, मला काही नको, एकदा सगळ्यांना चादरीवर बघायचं आहे. घरातल्यांनी नेहमीप्रमाणे जावईबापूंकडे पाहिलं. आणि जावईबापूंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, कारण स्कॅनर माझ्याकडे होता.

“मशीन तुई, माल माया,” ते म्हणाले. “लागू कामाले.”

मला जी संधी हवी होती ती ही. कार्यक्रमाला हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर स्लाइडी दाखवल्या जाणार, त्या मी स्कॅन केलेल्या असणार, कळ माझ्या हातात असणार. एकदा तरी त्या घरानं माझ्या नजरेतून काहीतरी बघावं, इतकीच माझी इच्छा होती.

दर रविवारी भाऊजी सावनेरहून बसनं यायचे. डबे मांडीवर, टोपी डोक्यावर. माझ्या खुर्चीत बसायचे, मी स्टुलावर. प्रत्येक स्लाइड कडेनं धरून, रबरी फुग्यानं धूळ उडवून, चकचकीत बाजू कोणती ते तिरपी करून बघून माझ्या हातात द्यायचे. मशीन गुंईऽऽ करत सरकायचं आणि चित्र हळूहळू पडद्यावर उतरायचं. मग ते मान पुढे काढून बघायचे.

“पिवळं दिसून राहिलं. निळा टाक.”

मी निळा टाकला.

“अजून टाक.”

मला ते आधीच बरोबर दिसत होतं. आता सासूबाईंचा चेहरा थंडीत गारठल्यासारखा दिसायला लागला होता. पण समोर कोण, भाऊजी. ज्या डोळ्यांनी रंजना तशी पाहिली ते डोळे. माझे डोळे कोणते, तर बारा वाजता रोल संपवणारे. मी अजून निळा टाकला. असे कितीतरी रविवार गेले. एकदा सायली मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आजीला थंडी वाजते आहे का? मी तिला गप्प केलं. रंजना चहा ठेवता ठेवता म्हणाली की तिच्या शालूचा रंग असा जांभळा नव्हता. मी म्हटलं, भाऊजींपेक्षा तुला जास्त कळतं का? शालू तिचा होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मग रामदासपेठेत भाऊजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही आठवड्यांनी काळा चष्मा लावून ते परत आले. म्हणाले, झालेलं काम दाखव. मी दाखवलं. त्यांनी चष्मा काढला. डाव्या डोळ्यावर पंजा ठेवून पाहिलं. मग उजव्यावर ठेवून पाहिलं. परत डाव्यावर. मला वाटलं डोळा दुखतो आहे.

“हे निळं कोणं केलं?”

“तुम्हीच,” मी म्हटलं.

“तुले निळं दिसत नव्हतं?”

“दिसत होतं.”

“मंग बोलला काहून नाही गा?”

मी म्हटलं, “तुमचे डोळे ते तुमचे डोळे, भाऊजी.”

भाऊजी मग हसू लागले, ते पोट हलेपर्यंत. “मशीन तुई, डोये तुये चांगले, अन् इचारून राहिला मोतीबिंदूवाल्याले.” बराच वेळ पंजा या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवण्यात गेला. हा नवा डोळा निळा सांगतो, हा जुना पिवळा सांगतो, असं स्वतःशीच चाललं होतं. शेवटी म्हणाले, “आता तू कर. तुले दिसते तसं. मी नाही बोलत.”

आणि खरंच बोलले नाहीत. बोलायची वेळ येऊ नये म्हणून तोंडात सुपारीचं खांड धरून बसायचे. मी सगळ्या स्लाइडी पुन्हा केल्या, माझ्या डोळ्यांनी. आता मला आनंद व्हायला हवा होता. झालं उलटंच. आजवर मी त्या चादरीवर पाहिल्या होत्या, चादरीच्या सुरकुत्यांसकट. आता एकेक बोटभर लांबून पाहत होतो, आणि हा माणूस मला वाटत होता त्याहूनही चांगला निघत होता. शोभाताईंच्या वाळवणाच्या कुरड्यांवरचं ऊन. पारावर बसलेल्या कोण्या म्हाताऱ्याचा कान, मागून उजेड आल्यानं संत्र्याच्या फोडीसारखा लाल. कुठे म्हणून खोट काढायला जागा नाही. जळायचं तर होतंच. आता ते नीट बघून, बारकाव्यानिशी जळणं झालं.

आमच्या लग्नाची स्लाइड मी या वेळी मुद्दाम शेवटी ठेवली होती. मधल्या काळात सायलीनं फोनवर माझे डोळे उघडून दाखवले होते. माझ्या आधार कार्डावरचे डोळे काढून तिनं नवरदेवाला बसवले. त्यात मी माझ्याच लग्नात पकडला गेलेला दिसत होतो. रंजना म्हणाली, मिटलेलेच बरे होते.

त्या स्लाइडचा पुठ्ठा ओल लागून फुगला होता, त्यामुळे फिल्म वाकडी बसून चित्र एका बाजूला धूसर येत होतं. पुठ्ठा फोडून फिल्म मोकळी काढावी लागणार होती. भाऊजी जरा अडखळले. असू दे, चालते, अशी खूण त्यांनी हातानं केली. पण काम माझ्यावर सोपवलेलं होतं. मी पात्यानं कड उकलली, चिमट्यानं फिल्म काढली आणि मशीनमध्ये ठेवली.

पुठ्ठ्याची चौकट फिल्मची थोडी थोडी कड झाकत असते. ती कड मी पंचवीस वर्षांत कधी पाहिली नव्हती. चित्र उतरत आलं: आभाळ, झाडं, रंजनाचं कपाळ, माझे मिटलेले डोळे, शालू, माझे चावरे जोडे. आणि सगळ्यात खाली, रंजनाच्या पायांना जवळजवळ टेकलेली, एक काळी गोल सावली. कापडी टोपीची.

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी उठून सुपारी टाकली.

“उजेड जास्त पिकू देल्ला मी,” ते म्हणाले. “सूर्य खाली आला अन् सावली लांबली. कॅमेऱ्यातून दिसलीच नाही. रोल धुऊन आला तवा दिसली. मंग फिल्म जराशी खाली सरकवली अन् चौकटीत झाकली.”

या माणसाच्या हातून चूक झालेली होती. ती त्यांनी झाकली होती आणि इतकी वर्षं सगळी गच्ची माझ्या डोळ्यांना हसत होती. मला आत कुठेतरी फार बरं वाटलं. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर ही सावली कशी दिसेल, याचं चित्र मी लगेच डोळ्यांसमोर आणलं.

पण भाऊजी अजून पडद्याकडेच बघत होते. डाव्या डोळ्यावर पंजा ठेवून ते इतके पुढे वाकले की टोपीची कड काचेला लागली.

“हे मोठं कर. तुया चेहरा.”

मी चेहरा मोठा केला.

“तुये डोये मिटले नव्हते गा,” ते म्हणाले. “तू खाली पाहून राहिला होता. पाह्य, पापणीखाली फट आहे.”

खरंच होती. केसाएवढी.

“माया सावलीले पाहून राहिला होता तू.”

आणि मग मला ते आठवलं. ऊन शालूवर उतरलं तेव्हा सगळे रंजनाकडे बघत होते, मीही बघणारच होतो. तेवढ्यात जमिनीवरून ती गोल टोपी सरकत सरकत तिच्या पायांशी आली. कोण हा मधे येणारा, असं माझ्या मनात आलं. माझं लग्न होऊन तीन तास झाले होते.

हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगायची गरज होती असंही वाटत नाही. माझ्या पाठीवर थाप मारून ते एवढंच म्हणाले, “पूर्ण दाखव. कापू नको.” झालं, माझ्या हातातली तीही मजा गेली. लपवलेलं उघड करायची वेगळी गोष्ट, आणि ज्यानं लपवलं त्याच्या परवानगीनं दाखवायची वेगळी.

कार्यक्रम छान झाला. सासूबाई पैठणी नेसून पुढच्या रांगेत, चांदीच्या ताटातल्या दिव्यांनी ओवाळलेल्या. मी कळ दाबत होतो. खट्ट असा आवाज येत नव्हता, तर सायलीनं तो फोनवरून घातला होता. आमचं लग्न आलं. हॉल नेहमीसारखा गप्प झाला, आणि मी नेहमीच्या हसण्याची वाट बघत राहिलो. हसू आलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, “अरे, भाऊजीही आहेत.”

सगळ्यांच्या माना खाली, सावलीकडे. चाळीस वर्षं ह्या माणसानं सगळ्यांचे फोटो काढले, त्यांचा कोणी काढला नव्हता. कोणी कॅमेरा धरला की ते पाठ फिरवायचे: “मी मांगून बरा दिसतो.” एकाही चित्रात ते नव्हते. आता सापडले, तर लोकांना कोण आनंद. सासूबाई उठून पडद्याजवळ गेल्या आणि त्या टोपीवर बोट ठेवून म्हणाल्या, “हे पाहा माझे जावईबापू.” टाळ्या पडल्या. माझे डोळे मिटलेत की उघडे, हे त्या दिवशी कोणाच्याही लक्षात आलं नाही.

भाऊजी शेवटच्या रांगेत बसले होते. एका डोळ्यावर पंजा होता. कोणत्या, ते अंधारात दिसलं नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी शेवटपर्यंत करून घेतलं नाही. डॉक्टर विचारायचे, शोभाताई रागवायच्या. ते म्हणायचे, “एक डोया जुना राहू द्या. मले जुनं पाह्याले लागते.”

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. अंगणात खुर्ची टाकून बसले होते, शोभाताई चहा घेऊन आल्या तोवर संपलं होतं. चौदावीला फोटो हवा, तर फोटोच नाही. खाणीच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला, त्यावर हार घातला. शोभाताई त्याच्याकडे बघेनात. म्हणाल्या, हा तर कोणी ऑफिसातला माणूस आहे, टोपी कुठे आहे याची?

महिनाभरानं त्यांचा मला फोन आला. तुमच्या लग्नाचा तो फोटो मोठा छापून द्या, पूर्ण, खालच्या कडेसकट. मी माझ्या डोळ्यांनी रंग लावून छापून घेतला आणि फ्रेम करून पाठवला.

या दिवाळीत आम्ही सावनेरला गेलो. सासूबाई तिथेच होत्या. रंजना आधीच आत गेली होती; मी चप्पल काढत होतो तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, “जावईबापू आले वाटते.” मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

आत गेलो. पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर आमचं लग्न टांगलेलं होतं, त्यांच्या घरात, आमचं. आमच्या दोघांच्या हयातीत त्याला हार घालायचा तर पंचाईत. म्हणून शोभाताई रोज फ्रेमच्या खालच्या पट्टीवर एक झेंडूचं फूल ठेवतात, बरोबर त्या टोपीखाली. चार वाजून गेले होते. ऊन आत येत येत भिंतीपर्यंत आलं होतं. रंजना शालूत उभी होती, शेजारी मी. सगळं जग तिच्याकडे बघतं आहे, आणि मी अजूनही त्या फुलाकडे.